परक्याच्या घराला हात

शेजाऱ्याच्या घराला हात लावणे ही आपल्याकडे कधी बातमी नव्हती. कोकणात पावसाआधी शाकारणी निघाली की वाडीतली चार माणसे छपरावर चढत. देशावर इर्जिक घातली की नांगर-बैलांसकट शेजार येई आणि घरधनी सगळ्यांना जेवू घाली. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, असा तो उघड हिशेब. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याची हद्द गावाच्या वेशीशी, आणि पुष्कळदा जातीच्या वेशीशी, संपत असे. ज्याच्याकडून उद्या काहीच परत यायचे नाही, ज्याची भाषाही कळत नाही, त्याच्या घराचा पाया खणायला आपणहून जायचे, ही रीत आली कुठून? तिचा एक ठळक माग फ्रान्समधल्या एका मोडलेल्या खेड्यापाशी पोचतो.

वर्दंजवळचे एन हे ते खेडे. पहिल्या महायुद्धात तोफांनी त्याची माती करून टाकली होती. 1920च्या नोव्हेंबरात पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनियर मूठभर स्वयंसेवक घेऊन तिथे गेला. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, आणि हा मुलगा लष्करी कर भरायला नकार दिला म्हणून तुरुंग पाहून आलेला. नेदरलँड्समधल्या बिल्टोव्हेन गावी तेव्हा शांततावाद्यांच्या परिषदा भरत. भाषणे होत, ठराव होत. सेरेसोलला त्याने समाधान नव्हते. युद्धाने जे पाडले ते हातांनी उभे करायचे, आणि त्या हातांत जर्मन हातही हवेतच, असा त्याचा आग्रह होता. त्याप्रमाणे एनच्या तुकडीत जर्मन तरुण होते. हिवाळाभर त्यांनी गावकऱ्यांसाठी लाकडी घरे उभारली, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले, रस्ता नीट केला. वसंत आला तेव्हा स्थानिक कारभाऱ्यांकडून निरोप आला की जर्मनांना घालवा. तुकडीने काम थांबवले आणि ती निघून गेली.

या साऱ्या परंपरेत मला हे पहिले अपयश सगळ्यात मोलाचे वाटते. जर्मनांना परत पाठवून उरलेल्यांनी काम चालू ठेवले असते तर आणखी काही कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले असते, हे खरेच. ज्याचे घर गेले त्याला छपराची घाई असते आणि तिला नावे ठेवायचा अधिकार मला नाही. पण सेरेसोलच्या लेखी कालच्या शत्रूने शेजारी उभे राहून घमेले उचलणे हा घराचाच भाग होता. पुढे त्याच्या तुकड्यांनी आल्प्समध्ये हिमकडा कोसळलेल्या गावांतला राडारोडा उपसला. 1928मध्ये ऱ्हाईनच्या पुराने गाळात गेलेल्या लिख्टेनस्टाइनमध्ये सातशेच्या वर स्वयंसेवक राबले. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा, म्हणजे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, ही संघटना यातूनच उभी राहिली.

मग 15 जानेवारी 1934चा बिहारचा भूकंप झाला. सेरेसोल मोजके साथी घेऊन मुझफ्फरपूरकडे आला. तिथे राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीचे काम आधीच उभे होते आणि त्यांच्याशी जुळवून घेतच त्याने आपले काम बेतले. भूकंपाने जमिनीची पातळी बिघडली होती, शेतांत वाळू उसळून आली होती आणि पुराचे पाणी गावांत साचून राहू लागले होते. पडलेली घरे जागच्या जागी बांधून भागणार नव्हते. उंच जागा शोधून, भराव घालून गावेच्या गावे हलवायची होती. सेरेसोल 1937पर्यंत या कामासाठी भारतात येत राहिला. युरोपीय माणूस म्हणजे साहेब, त्याने हुकूम द्यायचा, हीच तेव्हाची रीत. अशा काळात गोरा माणूस बिहारी शेतकऱ्याबरोबर मातीची टोपली वाहतो, हे दृश्य घरांइतकेच नवे होते.

आपल्याशी या मागाची गाठ पडते ती वरोऱ्याला. 1951मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन तिथल्या खडकाळ माळावर राहायला गेले, ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. त्यानंतरचा एक प्रसंग मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागरी सेवेचे स्वयंसेवक पुन्हा भारतात आले होते. फरिदाबादला फाळणीच्या निर्वासितांच्या वस्तीत त्यांनी काम केले होते. त्यांच्यापैकी देशोदेशीच्या तरुणांची एक तुकडी सेवाग्रामहून आनंदवनात आली, काही महिने तिथेच राहिली आणि रुग्णांच्या बरोबरीने तिने पक्क्या इमारती उभ्या केल्या. तोवर आनंदवनात मुबलक भाजी पिकत होती, पण रोगाच्या भीतीने गावात ती कोणी विकत घेत नव्हते. परदेशी मुले-मुली त्याच माणसांत राहतात, तिथलेच खातात, त्यांच्याच हातून विटा घेतात, हे लोकांनी पाहिले आणि भीती उतरणीला लागली. भाजीला गिऱ्हाईक मिळाले.

एनला जर्मनांमुळे काम थांबले होते. वरोऱ्यात ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांच्याशेजारी उभे राहिल्यामुळे काम फळाला आले. आणि घर घेणारा इथे हात पसरून बसला नव्हता. बोटे झडलेले हात थापी धरत होते. साठीच्या दशकात आनंदवनातल्याच माणसांनी वरोऱ्याच्या निरोगी मुलांसाठी आनंदनिकेतन महाविद्यालयाची इमारत बांधून दिली. परतफेड अशीही होते.

दुसरी धार स्वतंत्रपणे अमेरिकेत उगवली. जॉर्जिया राज्यात अमेरिकसजवळ क्लेरन्स जॉर्डन यांनी 1942मध्ये कोइनोनिया नावाचे शेत सुरू केले. शेतीची पदवी आणि ग्रीक नव्या कराराची डॉक्टरेट असलेला हा माणूस काळ्या-गोऱ्यांना एका पंगतीला बसवत होता. पन्नाशीच्या दशकात त्याची किंमत वसूल झाली. दुकानदारांनी बी-खत विकणे बंद केले, रस्त्याकडेचे विक्रीचे दुकान सुरुंगाने उडवले, घरांवर गोळ्या झाडल्या. शेत तगले ते पेकनची फळे टपालाने दूरच्या गिऱ्हाइकांना विकून. साठीच्या दशकात मिलर्ड फुलर हा तरुण लक्षाधीश, मोडत आलेला संसार सावरताना, सगळी संपत्ती वाटून टाकून तिथे पोचला. दोघांनी मिळून 1968मध्ये बेत आखला: खोपटांत राहणाऱ्या काळ्या शेतमजुरांसाठी घरे बांधायची, नफा घ्यायचा नाही, आणि गरिबाकडून व्याज घेऊ नये ही बायबलची आज्ञा अक्षरशः पाळायची. हप्त्याचे पैसे पुढच्या घराला लावायचे. पहिले घर पुरे होण्याआधीच, ऑक्टोबर 1969मध्ये, जॉर्डन वारले. फुलर यांनी तीन वर्षे झाईरमध्ये हाच प्रयोग केला आणि 1976मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी स्थापली. घरमालकाने स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या घरावर ठरलेले तास राबायचे, ही तिथली अट. मला या संस्थेची हीच अट सगळ्यांत आवडते.

कोइनोनियाच्या शेजारच्याच प्लेन्स गावचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984मध्ये हातोडा घेऊन सामील झाले आणि जगाचे लक्ष वेधले गेले. 2006मध्ये ते लोणावळ्याजवळ मळवली परिसरात आले. तिथे आठवडाभरात शंभर घरांचे काम झाले.

नव्या घराची किल्ली देताना फोटो निघतो. गळके छप्पर किंवा फुगलेली भिंत दुरुस्त करताना निघत नाही, म्हणून दुरुस्तीची शाखा बारीक राहिली. टेक्सासमधल्या मिडलंडला 1973पासून एप्रिलातला एक दिवस म्हाताऱ्या आणि अपंग शेजाऱ्यांची घरे नीट करण्यासाठी राखला गेला, आणि आजची रिबिल्डिंग टुगेदर ही संस्था त्यातून वाढली.

आपल्याकडे दुरुस्तीची खरी कसोटी लागली ती 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, यांनी माणसे मारली. पार उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवली. त्यांतली बरीच संस्थांनी आणि ठेकेदारांनी बांधली. मदतीचा हेतू निर्मळ होता, पण काटकोनातल्या रुंद रस्त्यांच्या त्या शहरी आखणीत गोठा, कडब्याची गंजी आणि भावकीची गल्ली बसत नव्हती. उरलेल्या गावांत शासनाने पैसे थेट घरमालकाला दिले आणि दुरुस्ती त्यानेच करून घ्यायची ठरवले. गावोगाव बायकांना संवाद सहायक नेमले. भिंतीच्या आरपार जाणारा दगड का घालायचा, छपराखाली काँक्रीटचा पट्टा कशाला, हे त्या गवंड्याला आणि घरच्यांना समजावत आणि मालात सिमेंट पुरेसे पडते की नाही ते उभे राहून पाहत. हप्ता अडला तर कचेरीत विचारायलाही त्याच जात.