कंपनी गेली, लेखणी राहिली

परवा नातवाने विचारलं, "आबा, तुम्ही हे सगळं कशात टाइप करता?"
"लिब्रेऑफिसमध्ये."
"ते कोणत्या कंपनीचं?"
मास्तराला प्रश्न विचारला की तास सुरू झालाच म्हणून समजा! तर ऐका मंडळी.

१९८५ साली जर्मनीत मार्को ब्योरीस या विशीही न गाठलेल्या मुलाने स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली. पत्रं लिहायला, हिशेब मांडायला तिचं स्टारऑफिस होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती विकत घेतली आणि २००० साली स्टारऑफिसचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला केला. कोणीही घ्या, बदला, वाटा. बदल करून वाटलंत तर ते बदलही खुले ठेवा. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं.

पुढे सनचे दिवस फिरले. २००८ च्या मंदीत तोटा वाढला, हजारोंची नोकरकपात जाहीर झाली आणि जानेवारी २०१० मध्ये कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. नवा मालक या फुकट वाटायच्या वस्तूचं काय करणार, ही काळजी कार्यकर्त्यांना लागली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं. कोड खुला होता, पण ओपनऑफिस हे नाव ओरॅकलचं. ते आम्हाला द्या, अशी विनंती केली आणि तोवर लिब्रेऑफिस हे तात्पुरतं नाव घेतलं. नाव मिळालं नाहीच. उलट ऑक्टोबरमध्ये, जुन्या प्रकल्पाच्या मंडळावर असलेल्या फाउंडेशनवाल्यांनी पदं सोडावीत, असं सांगण्यात आलं. तात्पुरतं नावच मग कायमचं झालं!

जर्मनीत संस्था नोंदवायला ५०,००० युरो हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये वर्गणीची हाक दिली आणि आठ दिवसांत रक्कम जमली. अर्थात हे सगळं नुसत्या हौशी लोकांनी केलं असं नाही. रेड हॅट, नॉवेल अशा कंपन्यांचे पगारी लोकही त्यात होते. ओरॅकलने त्याच वर्षी ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं, पण तोवर कामाचा ओघ इकडे वळला होता.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नुसत्या मायेने वस्तू जगत नाही, तिला हात लावायचा हक्क लागतो. तो हक्क सननेच, चांगल्या दिवसांत, देऊन ठेवला होता. आमच्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे बघा. मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करू शकतो. कारखान्याची परवानगी लागत नाही.

हे मी पदरच्या अनुभवाने सांगतोय. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी एका विकतच्या मराठी प्रोग्राममध्ये टाइप केली होती. तो चालायला कॉम्प्युटरच्या मागे एक छोटं कुलूप, डाँगल, लावावं लागे. डाँगल बिघडला, कंपनी केव्हाच बंद पडली होती. फाइल आजही आहे, पण उघडली की नुसती अगम्य चिन्हं. कितीतरी सहकारी त्या पानांत आहेत. त्यातले बरेच आता नाहीत.

असो. छापील प्रत एक उरली आहे. रोज दोन पानं लिब्रेऑफिसमध्ये पुन्हा टाइप करतोय. नातू म्हणाला, "मी वाचून दाखवतो, तुम्ही टाइप करा." काल सतरावं पान झालं.