कर्णधारच प्रशिक्षक : गिरणगावच्या कबड्डीतील एका प्रथेची कुळकथा

सांघिक खेळात जो गडी मैदानावर संघाचे नेतृत्व करतो आणि सरावात त्याच संघाला शिकवतो, त्याला कर्णधार-प्रशिक्षक म्हणतात. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्ये हे रीतसर पद होते. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या कबड्डीत मात्र पगार वा नेमणुकीचे पत्र नसतानाही ही दुहेरी जबाबदारी संघातील जाणत्या गड्याकडे येत असे. दोन्ही ठिकाणी ती कामगारवस्तीत वाढली. परंतु लालबागेत तिला खेळाच्या नियमांनीही खतपाणी घातले.

रग्बी लीग हा प्रकार २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे मूळ रग्बीपासून फुटून निघाला. सामन्यासाठी कामावर खाडा झाला की खाण आणि गिरणी कामगारांची मजुरी बुडे. ती क्लबाने भरून द्यावी, या उत्तर इंग्लंडच्या क्लबांच्या मागणीला हौशी खेळाच्या कैवाऱ्यांनी विरोध केला आणि या वादातून नवी संघटना उभी राहिली. हाच खेळ १९०८ मध्ये सिडनीत रुजल्यावर खेळणे आणि शिकवणे ही दोन कामे एकाच अनुभवी गड्यावर सोपवण्याची रीत तेथे पडली. सेंट जॉर्ज या क्लबाने १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी पहिले वगळता सर्व दहा कर्णधार-प्रशिक्षकांच्या हाताखाली आली : १९५७ ते १९६१ केन कर्नी, १९६२ ते १९६५ नॉर्म प्रोव्हन आणि १९६६ मध्ये इयन वॉल्श.

लालबागेत या प्रथेची जमीन गिरण्यांनी तयार केली. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये ताडदेव येथे झाली आणि पुढे लालबाग, परळ, नायगाव, वरळी या पट्ट्यात गिरण्या वाढत गेल्या, तसे कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार चाळींमध्ये गावकीनुसार राहू लागले व त्यांनी आपापल्या गावचा हुतूतू, म्हणजेच कबड्डी, हाही सोबत आणला. हा खेळ ठिकठिकाणी वेगळ्या रीतीने खेळला जात असल्याने त्याला एकसारखे नियम देण्याची खटपट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात झाली आणि १९२३ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरली. बाद झालेला गडी पुन्हा खेळात येऊ न देणारा ‘गामिनी’, गडी बाद न होता केवळ गुण मोजणारा ‘अमर’ आणि प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावर आपला बाद गडी उठवणारा ‘संजीवनी’ या प्रकारांपैकी संजीवनीच पुढे प्रमाण कबड्डीचा पाया ठरला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

या नियमांतच कर्णधाराचे शिक्षकपण दडलेले आहे. चढाई करणारा गडी प्रतिपक्षाच्या अंगणात असताना त्याच्याच बाजूच्या कोणी त्याला सावध केले वा सूचना दिली, तर प्रतिपक्षाला गुण मिळतो. म्हणजे चढाईचे सारे शिक्षण मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागते. बचावात याच्या उलट घडते : हात धरून साखळी केलेल्या गड्यांनी कोणत्या क्षणी पुढे सरायचे, कोपऱ्यातील गड्याने घोट्याला हात कधी घालायचा आणि बोनस रेषा किती राखायची, याचा निर्णय चढाई चालू असतानाच घ्यावा लागतो, आणि तो साखळीच्या जवळ उभ्या असलेल्या माणसालाच घेता येतो. शिवाय कर्णधार स्वतः बाद झाला की संजीवनीने परत येईपर्यंत त्याला बाहेर थांबावे लागते, त्यामुळे आपली नजर किमान आणखी एका गड्यात तयार करून ठेवणे, हे त्याच्या नेतृत्वाचेच अंग बनते. वस्तीतील क्रीडा मंडळाचे गडी गिरण्यांच्या निरनिराळ्या पाळ्यांत कामाला असत आणि पगारी शिक्षक ठेवण्याची मंडळाची ऐपत नसे, त्यामुळे या गुणांचा माणूस बाहेरून आणण्याऐवजी संघातच घडवला जाई.

कर्णधार आणि प्रशिक्षक या भूमिकांची ही जोडी सुटू लागली ती दोन कारणांनी. पहिले कारण प्रशिक्षणाचे : पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने १९७१ मध्ये कबड्डीचा समावेश नियमित पदविका अभ्यासक्रमात केला आणि प्रशिक्षकपद हे खेळाडूपणाहून वेगळे, प्रमाणपत्राने सिद्ध होणारे कौशल्य ठरले. दुसरे कारण पगाराचे : रेल्वे, बँका, एअर इंडिया आणि महिंद्र अँड महिंद्र यांसारख्या आस्थापनांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन स्वतःचे संघ बांधले, आणि अशा संघात कर्णधार, प्रशिक्षक व व्यवस्थापक ही कामे निरनिराळ्या माणसांकडे देणे शक्य झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा रोजगार ढासळला, तेव्हा गिरणगावच्या तरुण गड्यांसाठी अशा नोकरीचे मोल आणखी वाढले. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा यू मुंबा या संघाचे नेतृत्व अनुप कुमारकडे आणि प्रशिक्षण ई. भास्करन यांच्याकडे होते. याच अनुप कुमारने निवृत्तीनंतर २०१९ मध्ये पुणेरी पलटण या संघाचे प्रशिक्षकपद घेतले. एकाच वेळी पार पाडायच्या दोन भूमिका आता एका कारकिर्दीतील दोन टप्पे झाल्या. चढाईच्या आधी, मध्यरेषेजवळ दिली जाणारी सूचना मात्र आजही कर्णधाराचीच असते, कारण नियमाने त्या जागेवर दुसऱ्या कोणाला उभेच केलेले नाही.