फडाची मालकीण

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने चाकणचे कारखाने मागे टाकले म्हणजे पुढे नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात व गावोगावचे जत्रेचे कारभारी सुपारी ठरविण्यास येतात. सुपारीचा आकडा मोठा दिसतो खरा. परंतु त्यातूनच कलावंतांस आगाऊ दिलेली उचल, मोटारींचा खर्च आणि सावकाराचे व्याज भागवावयाचे असते. वळवाच्या सरीने खेळ बुडाला, तर तोटा मालकाचा.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेल्या विठाबाईंनी (१९३५–२००२) पुढे स्वतःचा फड उभारला. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला; पण तो नर्तकीचा! फड चालविणारी बाई कोणी पाहिली? खेळ चालू असता त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर जाण्यास निघाल्या, ही हकीकत सर्वतोमुखी आहे. तिला आपण कलेवरील निष्ठा म्हणतो. आमच्या मते तीत व्यवहारही तितकाच होता: खेळ मोडता, तर साऱ्या फडाच्या पोटावर पाय आला असता.

त्यांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. राज्यशासनाचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार २००६ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.