सोलापूर, १९३८ : मद्यविरतीच्या दोन परंपरा

१९३८ च्या प्रारंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोलापूर येथील ख्रिस्ती समाजापुढे एक भाषण केले. ते त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीच्या 'जनता'च्या अंकात प्रसिद्ध झाले. धर्मांतराचा विचार करताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच विभूती आपल्या मनापुढे उभ्या राहतात, असे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले. भारतीय ख्रिस्ती समाजाच्या सामाजिक उदासीनतेवर टीकाही केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, हजारो मैल दूर न्यूयॉर्क येथे, बिल विल्सन नावाच्या, शेअरबाजारात उमेदीची वर्षे घालवलेल्या आणि मद्यपाशातून नुकत्याच सुटलेल्या गृहस्थाने आपल्या सहकाऱ्यांच्या अनुभवाला बारा पायऱ्यांचे रूप दिले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि तो शोधण्याचा खटाटोपही व्यर्थ होय. तथापि बौद्ध परंपरेतील मद्यविरती आणि ख्रिस्ती प्रेरणेतून निघालेली मद्यमुक्ती यांचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात करू लागल्यास हे सोलापूरचे व्यासपीठ आरंभबिंदू म्हणून सोयीचे पडते.

सोलापूरला मद्याचा प्रश्न नवा नव्हता. १८७७ साली 'जुनी मिल' उभी राहिल्यापासून हे गिरणगाव झाले आणि कामगारवस्तीबरोबर ताडी-शिंदीची दुकानेही वाढली. सरकारच्या दृष्टीने ती अबकारी उत्पन्नाची बाब होती. म्हणूनच मद्यविरोध हा राजकीय विरोधही ठरत असे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जो उठाव झाला त्याचा स्फोट रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या प्रसंगातून झाला, ही गोष्ट मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चौघा हुतात्म्यांच्या स्मृतीमागे काहीशी झाकली जाते. कुऱ्हाड झाडावर पडली. पिणाऱ्याच्या मनातील तृष्णेचे मूळ तिच्या कक्षेबाहेर होते. पुढे कायद्याने तेच काम हाती घेतले. १९३९ मध्ये मुंबई शहरात आणि एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात, म्हणजे सोलापुरातही, दारूबंदी लागू झाली.

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतराकडे पाहिले पाहिजे. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील स्वीकारल्यावर डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील सतरावी मद्यत्यागाची आहे. (नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशात होते, पंधरवड्यानंतरच ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले.) सोलापूरच्या नवदीक्षितांच्या दृष्टीने जे कायद्याने आधीच निषिद्ध होते त्याचीच त्यांनी प्रतिज्ञा घेतली. ही पुनरुक्ती वाटेल, पण ती तशी नाही. कायदा विक्रेत्याला आणि पिणाऱ्याला पकडतो. प्रतिज्ञा मनुष्याला स्वतःशी आणि समुदायाशी बांधते. १९६० च्या दशकात महाराष्ट्रातील दारूबंदी शिथिल होत गेली, तेव्हा कायद्याचा टेकू निघाला आणि प्रतिज्ञा तेवढी उरली.

पाचव्या शीलाचे स्वरूप नीट पाहणे येथे अगत्याचे आहे. सुरा, मेरय व मज्ज यांचा निषेध त्यांच्या अपवित्रतेमुळे नव्हे, तर ती 'पमादट्ठान' म्हणजे अनवधानाचे स्थान आहेत म्हणून केलेला आहे. सिगालोवाद सुत्तातही गृहस्थाला मद्याचे तोटे सांगितले आहेत ते व्यावहारिक आहेत : द्रव्यहानी, कलहवृद्धी, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धिमांद्य. नरकाचे भय तेथे पुढे केलेले नाही. दुसरे म्हणजे शील हे 'सिक्खापद' आहे, शिकण्याची पायरी आहे. ते आज्ञा म्हणून वरून येत नाही. साधक ते स्वतः अंगीकारतो.

विनयपिटकातील सागत भिक्षूची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. सागताने आपल्या सामर्थ्याने एका नागाला नमविले होते. त्याची कीर्ती कोसंबीत पोहोचली. नगरवासीयांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य दिले आणि तो वेशीपाशी कोसळला. भिक्षूंनी त्याला उचलून आणले व बुद्धाकडे डोके करून निजविले; नशेत तो वळला आणि त्याचे पाय बुद्धाकडे झाले. या प्रसंगावरून मद्यपानाचा नियम घालण्यात आला. पण नियमाचे कारण ठरलेल्या सागताला संघातून घालविले गेले नाही. मद्यपान हा 'पाचित्तिय' दोष ठरला, म्हणजे दुसऱ्या भिक्षूपुढे कबुली देऊन ज्याची शुद्धी होते असा दोष. नाग जिंकणारा कौतुकाच्या पेल्याने पडतो, हा तपशील रचणाऱ्याला मद्यासक्तीची चांगली जाण असली पाहिजे.

बारा पायऱ्यांशी खरे साम्य येथेच सापडते. चौथ्या व पाचव्या पायरीत मद्यासक्ताने आपल्या दोषांची झडती घेऊन ती दुसऱ्या एका माणसासमोर मोकळी करावयाची असते. आठव्या-नवव्या पायरीत ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई येते, आणि बाराव्यात दुसऱ्या मद्यासक्ताला साहाय्य. संघातील उपोसथाच्या दिवशीची दोषकबुली, तसेच वर्षावासाच्या अखेरीस 'माझे दोष दाखवा' अशी इतरांना विनंती करण्याची पवारणा, यांचे या पायऱ्यांशी नाते उघड आहे. मात्र पटिच्चसमुप्पादाच्या बारा कड्या आणि या बारा पायऱ्या यांच्या संख्यासाम्यावर भाळून कोणी सिद्धांत उभारू नये. वेदनेतून तृष्णा उपजते ही कडी मात्र मद्यासक्तीच्या विवेचनात अत्यंत उपयुक्त आहे. श्री. गोएंका यांनी १९६९ पासून भारतात शिकविलेल्या आणि १९७६ पासून इगतपुरीस रुजलेल्या विपश्यनेचा भर याच कडीवर आहे : शरीरावरील संवेदना पाहावी, तिच्यामागे धावू नये.

भेद मात्र मूलगामी आहे. अमेरिकेतील या चळवळीचा उगम फ्रँक बुकमन यांच्या 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती पंथात आहे. १९३५ साली अक्रन येथे विल्सन व डॉ. बॉब यांची भेट झाली, तेव्हा दोघेही त्या पंथाच्या वर्तुळात होते. म्हणून पायऱ्यांत परमेश्वर वारंवार येतो. निरीश्वरवादी सदस्यांच्या आग्रहामुळे 'ज्याला जसा तो उमगला तसा' अशी सवलत घातली गेली. परंतु पहिल्या पायरीतील हतबलतेची कबुली कायम राहिली. आंबेडकरी बौद्धाला ही कबुली अवघड जाते. ईश्वर नाकारणे हा त्याच्या धम्मस्वीकाराचा गाभा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या असहायतेतून ज्याने डोके वर काढले त्याला 'मी असहाय आहे' असे म्हणावयास लावणे साधे नाही. यावर असे उत्तर देता येते की, पायरीतील हतबलता मद्यापुरती आहे. मनुष्य म्हणून नव्हे. शरण जाण्याची भाषा तर त्रिशरणातही आहे; फक्त तेथे शरण बुद्ध, धम्म व संघ यांना, म्हणजे मार्गदर्शक, मार्ग व सहप्रवासी यांना आहे. 'श्रेष्ठ शक्ती'च्या जागी संघ ठेवला तर पायऱ्यांची रचना फारशी ढळत नाही.

असे प्रयोग इतरत्र झालेही आहेत. थायलंडमधील थाम क्राबोक विहारात १९५९ पासून अफूच्या व्यसनींवर उपचार होऊ लागले. तेथे वनौषधींनी वमन करवितात आणि 'सज्ज' म्हणजे सत्यप्रतिज्ञा घ्यावयास लावतात. अमेरिकेत केविन ग्रिफिन यांनी २००४ साली बौद्ध साधना व बारा पायऱ्या यांची सांगड ग्रंथरूपाने घातली. २०१४ नंतर पायऱ्या बाजूस ठेवून चार आर्यसत्यांवरच उभारलेले गटही निघाले. महाराष्ट्रात, पुण्यास, २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने 'मुक्तांगण' सुरू झाले. तेथे बारा पायऱ्यांच्या वळणाच्या गटसभा मराठीत स्थिरावल्या. धर्मापेक्षा माणसांची जवळीक हे त्या कामाचे बळ राहिले.

तरीही नवबौद्ध वस्तीतील विहार आणि मद्यमुक्तीची गटसभा या दोन संस्था प्रायः एकमेकींपासून दूरच राहिल्या. याचे एक कारण प्रतिज्ञेच्या अर्थात आहे. बावीस प्रतिज्ञा दीक्षेच्या वेळी, जुने आयुष्य टाकून, एकदा घेतल्या जातात. त्या मोडणे म्हणजे नव्या ओळखीशी द्रोह, अशी भावना स्वाभाविक आहे. म्हणून पुन्हा पिऊ लागलेला मनुष्य विहाराकडे पाठ फिरवितो आणि त्याची पत्नी ती गोष्ट झाकून ठेवते. उलट पंचशील प्रत्येक वंदनेत नव्याने उच्चारले जाते. काल पाळले होते की मोडले होते, हे त्या उच्चाराच्या वेळी कोणी विचारीत नाही. 'फक्त आजचा दिवस' हे गटसभेतील सूत्र याहून फार वेगळे नाही. दोन्ही विधी एकाच विहारात, एकाच तोंडून होतात. परंतु प्रतिज्ञेचा धाक मोठा आणि शीलाची मुभा दुर्लक्षित, अशी स्थिती पडते. सागताला पुन्हा संघात बसता आले ते कबुलीची वाट खुली होती म्हणून. रविवारच्या वंदनेनंतर त्याच सतरंजीवर अशी कबुली ऐकणारी चार माणसे बसावीत, याला विनयाची आडकाठी नाही आणि सतराव्या प्रतिज्ञेचीही नाही.