पेशवाईतील कोतवाली व किरकोळ गुन्हे

राज्याच्या न्यायाची परीक्षा खुनाच्या वा दरोड्याच्या खटल्यात होते, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणारा वाटसरू किंवा बागेतील फळ तोडणारा भुकेला परदेशी यांना सरकार कसे वागविते, यावरूनही ती होत असते.

पेशवाईत गुन्ह्यांची लिखित संहिता नव्हती; अधिकाराच्या पायऱ्या मात्र होत्या. गावचा पाटील किरकोळ अपराध्यास थोडे फटके देई, किंवा काही दिवस खोड्यात घाली. त्याच्यावरचे कमाविसदार व मामलेदार बेताचा दंड करीत. या दंडालाच 'गुन्हेगारी' म्हणत. देहान्ताचा अधिकार सरसुभेदारासारख्या मोठ्या अधिकाऱ्याकडे अथवा हुजुरात असे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ही उतरंड नमूद आहे. मात्र चौकशीची ठराविक रीत नव्हती, आणि संशयितास मारहाण करून कबुली घेत, असेही तो लिहितो. म्हणजे दंडाला मर्यादा होती, कोठडीला नव्हती.

पुण्यात हे अंतर प्रकर्षाने दिसे. शहराचा बंदोबस्त, रात्रीचा पहारा व किरकोळ तंटे कोतवालाच्या चावडीकडे असत. घाशीराम सावळदास हा कोतवाल असताना, ऑगस्ट १७९१ मध्ये, दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी काहींना त्याच्या शिपायांनी पकडले. त्यांनी कोतवालाच्या बागेतील फळे तोडली, असे सांगतात. त्यांना अरुंद, कोंदट जागेत रात्रभर कोंडले. सकाळी दार उघडले तेव्हा त्यांतील वीसहून अधिक मरण पावले होते. गुन्हा खरा असता, तरी त्याला दंड पुरेसा होता. चौकशी मात्र कोणीच केली नव्हती.

शहर खवळले. अखेर कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. लहान गुन्ह्याला चौकशी मिळाली नाही, म्हणून मोठ्या गुन्ह्याचाही निवाडा शेवटी रस्त्यावरच झाला. आज आपण घाशीरामाच्या क्रौर्याचीच तेवढी आठवण काढतो. परंतु कोतवालाच्या कोठडीवर वरून कोणाची नजर नव्हती, हे मूळ दुखणे विसरतो.

पुढे १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनची विनियमावली झाली, १८६० साली भारतीय दंडविधान झाले, आणि प्रत्येक गुन्ह्याला लेखी व्याख्या व शिक्षेची कमाल मर्यादा मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने माल परत केल्यास, त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ही प्रगती खरीच. तथापि कायद्यातील शिक्षा कितीही सौम्य असली, तरी आरोपी न्यायाधीशासमोर उभा राहीपर्यंतची रात्र कोठडीतच जाते. त्या रात्रीचा जाब विचारणारा कोणी असणे, हीच लहान गुन्ह्यांच्या न्यायाची पहिली अट होय.