लीलावतीतलं फिक्स्ड पॉइंट

विरारमध्ये सध्या जिकडे बघावं तिकडे टॉवर उठताहेत. त्यातल्या एखाद्या साइटवर खोलीचा कोपरा तपासताना मिस्त्री काय करतो, बघा. गुण्या छोटा पडतो. म्हणून कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि मधे तिरका टेप. बरोब्बर ५ आले की काटकोन पक्का. ३-४-५ हे सोयीचं त्रिकूट, वर्गमूळ सुटतं. पण दोन्ही बाजू सव्वातीन असल्या तर?

नेमकं हेच उदाहरण भास्कराचार्यांनी लीलावतीत (साधारण ११५०) घातलंय. भुज सव्वातीन, कोटी सव्वातीन, कर्ण सांग. वर्गांची बेरीज १६९/८. १६९ चं मूळ १३, पण ८ चं मूळ काही सुटत नाही. मग ते जी युक्ती देतात ती वाचून मी तर उडालोच!

अंश आणि छेद यांचा गुणाकार करा: १६९ × ८ = १३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गानं गुणा (१०,००० घेऊ) : १,३५,२०,०००. याचं जवळचं पूर्णांकी मूळ ३६७७. आता त्याला ८ × १०० = ८०० नं भागा. उत्तर ४ पूर्णांक ४७७/८००, म्हणजे ४.५९६२५. कॅल्क्युलेटर ४.५९६१९ म्हणतो. बाजू फुटांत धरल्या तर हा फरक मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा नाही.

मंडळी, हे चक्क फिक्स्ड पॉइंट आहे! आकडा आधी फुगवायचा, सगळं काम पूर्णांकात उरकायचं, शेवटी भागून खाली आणायचा. १०,००० ऐवजी दहा लाखांचा वर्ग घेतलात तर आणखी अचूक. आणि आधी छेदानं का गुणलं? कारण १६९/८ म्हणजेच १३५२/६४. खालचं मूळ ८, बिनबोभाट सुटतं. दोन मुळं अंदाजे काढण्याऐवजी एकच काढायचं, चूक एकाच ठिकाणी शिरणार. फ्लोटिंग पॉइंट नसलेल्या चिपवर ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

अर्थात सूत्रात 'का' सांगितलेलं नसतं. श्लोक पाठ करा नि गणित सोडवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला होता. तिथला १२०७ चा शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पण लीलावतीची कारणमीमांसा नीट लिहून काढली ती आपल्या कोकणातल्या माणसानं: नांदगावचे गणेश दैवज्ञ, टीका 'बुद्धिविलासिनी', साल १५४५. (तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन अकरा वर्षं झाली होती. शाळेतल्या इतिहासात कोकणचं सोळावं शतक म्हणजे फक्त किल्ले आणि तह, हे मला अजून खटकतं.)

गंमत म्हणजे याच गणेशांनी त्याआधी, १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' लिहून ग्रहगणितातून ज्या-कोष्टकंच हद्दपार केली होती. साधा गुणाकार-भागाकार येणाऱ्याला पंचांग करता यावं म्हणून. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातले जोशी त्यावरच पंचांगं करत राहिले.