फिलिपिन्समधील विधी महाविद्यालयांचा प्रवेश

फिलिपिन्समध्ये वकिलीची सनद मिळवू इच्छिणाऱ्याला आधी एक पदवी, मग चार वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाची बार परीक्षा, अशी वाट चालावी लागते. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जाण्याची महाराष्ट्रातील सोय तेथे नाही. पूर्वी या अभ्यासक्रमानंतर एलएल.बी. ही पदवी मिळे. १९९१ मध्ये आतेनेओ विद्यापीठाने ज्युरिस डॉक्टर ही पदवी सुरू केली आणि पुढे इतरांनीही ती स्वीकारली. नाव बदलले, तरी शालेय शिक्षणानंतर सनद हाती येईपर्यंत आठ-नऊ वर्षे लागतात, हे बदलले नाही. विधी महाविद्यालयाच्या प्रवेशाची चर्चा बहुधा प्रवेशपरीक्षेभोवतीच फिरते: ती किती कठीण असावी, ती कोणी घ्यावी, तिच्यासाठी कोणता वर्ग लावावा. तेथील न्यायालयीन निर्णय आणि बार परीक्षेचे निकाल एकत्र ठेवून पाहिले, तर या चर्चेने प्रवेशपरीक्षेला तिच्या कुवतीपेक्षा फार मोठे स्थान दिले आहे असे दिसते. उमेदवार वकील होणार की नाही, हे पदवीच्या काळात कमावलेली वाचनशक्ती, महाविद्यालयाची शिकवण आणि चार वर्षे तग धरण्याइतका पैसा यांवर कितीतरी अधिक ठरते.

कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर फिलिपिन्समध्ये मोठा घटनात्मक वाद झाला. १९८७ च्या राज्यघटनेने वकिलीच्या व्यवसायात प्रवेश देण्याचे नियम करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे, तर उच्च शिक्षणसंस्थांना शैक्षणिक स्वातंत्र्य दिले आहे. त्याच घटनेत प्रत्येक नागरिकाला व्यवसाय वा अभ्यासक्रम निवडण्याचा हक्क आहे; मात्र प्रवेशाच्या अटी न्याय्य आणि वाजवी असल्या, तर त्या पाळाव्या लागतात. १९९३ च्या प्रजासत्ताक कायदा क्र. ७६६२ ने विधी शिक्षण मंडळ निर्माण केले. या मंडळाने २०१६ मध्ये फिलसॅट ही देशव्यापी अभियोग्यता चाचणी सक्तीची केली आणि १६ एप्रिल २०१७ रोजी ती पहिल्यांदा झाली. भाषेवरील प्रभुत्व, चिकित्सक विचार, शाब्दिक आणि संख्यात्मक तर्क हे तिचे विषय होते. उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के गुण लागत. सप्टेंबर २०१९ मध्ये पिमेंटेल वि. विधी शिक्षण मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. विधी शिक्षणावर वाजवी देखरेख ठेवण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्याला प्रवेश देण्याचे महाविद्यालयाचे स्वातंत्र्यच हिरावून घेणे, ही देखरेख नसून नियंत्रण आहे, असा निर्णयाचा रोख होता. २०२१ मध्ये फेरविचार अर्जांवर निर्णय देताना न्यायालयाने चाचणी लागू करणारा मंडळाचा आदेश संपूर्णपणे रद्दबातल ठरवला.

या निर्णयावर सर्वांत वजनदार आक्षेप वैद्यकीय प्रवेशाचा दाखला देऊन घेतला जातो. १९८७ च्या ताब्लारिन वि. गुतिएरेस या खटल्यात याच न्यायालयाने वैद्यकीय महाविद्यालयांसाठीची राष्ट्रीय प्रवेशचाचणी वैध ठरवली होती आणि १९८९ मध्ये ती तीनदा नापास झालेल्याला पुन्हा बसू न देण्याचा नियमही उचलून धरला होता. मग डॉक्टरला एक न्याय आणि वकिलाला दुसरा, असे का? याला दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे त्या जुन्या खटल्यांत वाद विद्यार्थ्याच्या हक्कांवर झाला होता, महाविद्यालयांच्या शैक्षणिक स्वातंत्र्याचा मुद्दा तेथे कसाला लागला नव्हता. दुसरे उत्तर व्यवहारातले आहे. डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी शिकत असतानाच रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहतो. विधी विद्यार्थ्याने अशिलाचे काम स्वतंत्रपणे हाती घ्यावे यापूर्वी मात्र सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची परीक्षा असतेच. समाजाच्या रक्षणासाठीची चाळणी चार वर्षांनी लागणारच असेल, तर तीच कसोटी सुरुवातीला एका दिवसाच्या परीक्षेवर सोपवण्याची गरज सिद्ध करावी लागेल, आणि ती सिद्ध करणारा पुरावा दिसत नाही.

पुरावा आहे तो बार परीक्षेच्या निकालांत, आणि त्याचा अर्थ बारकाईने लावला पाहिजे, कारण सक्तीच्या चाचणीचे समर्थकही याच निकालांकडे बोट दाखवतात. बहुसंख्य पदवीधर बार परीक्षेत नापास होतात, म्हणजे अपात्र विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो, म्हणून दार अरुंद करा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. २०१६ मध्ये ६,३४४ पैकी ३,७४७ म्हणजे सुमारे ५९ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, ८,१५५ पैकी केवळ १,८०० जण, म्हणजे २२ टक्के. २०१९ मध्ये हे प्रमाण २७ टक्के होते. या तिन्ही वर्षांतले परीक्षार्थी फिलसॅट सुरू होण्यापूर्वी प्रवेश घेतलेले होते. त्यांच्या प्रवेशाच्या अटी सारख्याच होत्या. दोन वर्षांत देशातील विद्यार्थ्यांची कुवत निम्म्याहून खाली उतरत नाही. बदलते ती प्रश्नपत्रिका, तपासणीचा काटेकोरपणा आणि त्या वर्षीचे परीक्षाप्रमुख न्यायमूर्ती. महासाथीमुळे लांबलेली २०२० आणि २०२१ ची एकत्रित परीक्षा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली, तेव्हा ११,४०२ पैकी ८,२४१ जण, ७२ टक्क्यांहून अधिक, उत्तीर्ण झाले. याचे श्रेय फिलसॅटला देण्याचा मोह होईल, कारण त्या चाचणीतून आलेली पहिली तुकडी याच परीक्षेला बसली होती. परंतु तिच्या जोडीला चाचणी न देता शिकलेली आधीची तुकडीही होती, आणि परीक्षा चार दिवसांऐवजी दोन दिवसांची, आटोपशीर अभ्यासक्रमाची करण्यात आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, फिलसॅटच्या काळात प्रवेश घेतलेल्यांची आणखी एक तुकडी बसली असताना, हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले: ९,१८३ पैकी ३,९९२. पुन्हा बसणाऱ्यांची संख्याही दर वर्षी या आकड्यांत मिसळलेली असते. तेव्हा या आकड्यांवरून प्रवेशाच्या कडकपणाबद्दल काहीही ठामपणे म्हणता येत नाही. आणि ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रवेशाचे गुण आणि बारचा निकाल जोडून दाखवले पाहिजेत.

याचा अर्थ तयारी नको असा नाही. तयारी वेगळ्या गोष्टीची करावी, असा आहे. न्यायालयीन नियमावलीतील नियम १३८ मध्ये विधीपूर्व पदवीसाठी राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, इंग्रजी, स्पॅनिश, इतिहास आणि अर्थशास्त्र या विषयांचा उल्लेख आहे. ही यादी एका काळाची खूण आहे. व्यवहारात लेखाशास्त्र, तत्त्वज्ञान, परिचर्या किंवा अभियांत्रिकी शिकलेले विद्यार्थीही विधी अभ्यासक्रमाला येतात. राज्यशास्त्र घेतल्याने विधी सोपा जातो, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि राज्यघटनेच्या तासांपुरता तो खराही आहे. पण करकायदा शिकताना लेखाशास्त्राचा विद्यार्थी पुढे असतो, आणि पुराव्याच्या कायद्यात तर्काची सवय असलेला. सर्वांना सारखीच लागते ती दीर्घ, अवघड इंग्रजी मजकूर वाचून त्याचे सार स्वतःच्या शब्दांत मांडण्याची क्षमता. फिलिपिन्सच्या कायद्यात स्पेनची संहितापरंपरा आणि अमेरिकेची न्यायनिर्णयांची परंपरा एकत्र नांदतात. १९३२ पासून लागू असलेली सुधारित दंडसंहिता आणि १९५० पासून लागू असलेली नागरी संहिता कलमागणिक जिभेवर असावी लागते, आणि त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय पूर्ण वाचून त्यातील तथ्ये, वादप्रश्न आणि निष्कर्ष सांगावे लागतात. वर्गात प्राध्यापक नाव पुकारतो आणि विद्यार्थ्याने उभे राहून खटला मांडायचा असतो; पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातूनच निघतो. घरी सेबुआनो, इलोकानो किंवा तागालोग बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हे सारे इंग्रजीत करायचे असते. म्हणून पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत आठवड्याला दोन-तीन निर्णय मुळातून वाचून प्रत्येकाचे एका पानात टिपण काढणे, ही तयारी बहुपर्यायी प्रश्नांच्या कोणत्याही संचापेक्षा मोलाची आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, त्यामुळे या तयारीला शिकवणीचे शुल्कही लागत नाही.

अर्जाची प्रक्रिया त्या मानाने सरळ आहे. प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्र अर्ज मागवते. पदवीचे अधिकृत गुणपत्रक, जन्मदाखला, शिफारसपत्रे, काही ठिकाणी निबंध, मग त्या महाविद्यालयाची स्वतःची चाचणी आणि बहुधा मुलाखत. फिलिपिन्स विद्यापीठाची विधी अभियोग्यता परीक्षा या चाचण्यांत सर्वाधिक चुरशीची समजली जाते. मुलाखत हा या प्रक्रियेतला सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत न्याय्य भाग आहे, कारण गुणपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी, जसे नोकरी सांभाळून घेतलेली पदवी, तेथे पुढे येऊ शकतात. उमेदवारानेही महाविद्यालयाला प्रश्न विचारावेत: पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षापर्यंत पोहोचतात, किमान सरासरीअभावी किती जणांना काढले जाते, आणि २०१९ च्या सुधारित नियम १३८-अ नुसार विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विधीसाहाय्याचे काम कसे दिले जाते. बारच्या उत्तीर्णतेची टक्केवारी जाहिरातीत ठळक छापली जाते. पण आधीच निम्मा वर्ग गळाला असेल, तर ती टक्केवारी शिकवण्याविषयी फारसे सांगत नाही.

महाविद्यालय निवडताना मनिलातील नामांकित नावाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सांतो तोमास विद्यापीठाची दिवाणी विधी शाखा १७३४ पासूनची आहे; बातांगासच्या गरीब घरातून आलेल्या आपोलिनारियो माबिनी यांनी तेथेच १८९४ मध्ये विधीचे शिक्षण पूर्ण केले. फिलिपिन्स विद्यापीठाचे विधी महाविद्यालय १९११ चे, आतेनेओचे १९३६ चे. देशाचे अनेक राष्ट्राध्यक्ष आणि न्यायमूर्ती या संस्थांतून आले, आणि तेथील माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी नोकरीत उपयोगी पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी या संस्थांचे यश बऱ्याच अंशी आधीच हुशार विद्यार्थी निवडून घेण्याचेही असते. २०१६ च्या बार परीक्षेत देशात पहिली आली ती सेबूच्या सान कार्लोस विद्यापीठाची पदवीधर. देशभर शंभराहून अधिक विधी महाविद्यालये आहेत, आणि मिंदानाओतील मुलीला घराजवळच्या चांगल्या महाविद्यालयात शिकून मनिलातील भाडे वाचवता येत असेल, तर ते वाचलेले पैसे तिला चौथ्या वर्षापर्यंत नेऊ शकतात.

या पैशाच्या प्रश्नाकडे प्रवेशाच्या चर्चेत सर्वांत कमी लक्ष जाते. २०१७ च्या प्रजासत्ताक कायदा क्र. १०९३१ ने सरकारी विद्यापीठांत पदवीचे शिक्षण मोफत केले. पण आधीच पदवी मिळवलेल्यांना त्या कायद्याच्या मजकुराने लाभातून वगळले आहे. विधीच्या प्रवेशासाठी पदवी ही तर पहिली अट. परिणामी ज्या विद्यार्थ्याने राज्याच्या खर्चाने पदवी घेतली, तो नेमका विधीच्या दारात येऊन स्वतःच्या खिशावर येतो. म्हणून असंख्य विद्यार्थी दिवसा कार्यालयात काम करतात आणि संध्याकाळच्या वर्गांना बसतात. बारच्या आधीचे कित्येक महिने नोकरी सोडून अभ्यास करणे ज्यांना परवडते आणि ज्यांना परवडत नाही, त्यांच्यातील अंतर कोणतीही प्रवेशपरीक्षा मोजत नाही. अंतर कमी करता येते, याचा एक दाखला बार परीक्षेनेच दिला: वर्षानुवर्षे मनिलातच होणारी परीक्षा फेब्रुवारी २०२२ पासून संगणकावर आणि देशाच्या विविध भागांतील केंद्रांवर होऊ लागली, आणि दूरच्या बेटांवरील परीक्षार्थींचा प्रवासाचा आणि राहण्याचा मोठा खर्च टळला. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी २०२० च्या कायदा क्र. ११५०९ ने शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात सरकारी सेवेची अट घातली. गरिबांना विनामूल्य वकील पुरवणारे सरकारी विधिसाहाय्य कार्यालय फिलिपिन्समध्ये आहे. विधी विद्यार्थ्यांना तशीच शिष्यवृत्ती देऊन सनद मिळाल्यावर काही वर्षे त्या कार्यालयात काम करण्याची अट घालता येईल, आणि विधी शिक्षण मंडळाने प्रवेशाचे दार अरुंद करण्यावर खर्च केला तसा वेळ या योजनेच्या आखणीला देता येईल.